कोपराचं माप

घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं म्हणायची. टेपताई त्याला स्वतःचं शेपूट जोडायची, "आणि जुनं घर पाहावं उघडून."

तिला सगळे टेपताई म्हणायचे, कारण तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मापाची टेप कायम असायची. जुनी घरं राहत्या माणसांच्या सोयीप्रमाणे बदलून द्यायची, त्यासाठी आराखडा काढायचा, खर्चाचा अंदाज बांधायचा आणि मग मिस्त्रीच्या मागे उभं राहून काम पुरं करून घ्यायचं, हा तिचा वीस वर्षांचा धंदा. त्यात तिचं एकच तत्त्व होतं. घर माणसाच्या मापाचं करायचं, माणूस घराच्या मापाचा नाही. म्हणून पहिल्या भेटीत ती फरशीचा किंवा रंगाचा विषय काढतच नसे. ती विचारायची, सकाळी पहिलं कोण उठतं? ओल्या पायांनी कोण कुठून कुठे जातं? कोणाला उजेड सोसत नाही? लोकांना वाटायचं, ही बाई घर करायला आलीय की सोयरीक जमवायला.

ज्या कामाची ही गोष्ट, ते आलं अगदी सरळपणे. घड्याळं दुरुस्त करणारा एक गृहस्थ एके दिवशी तिच्याकडे आला. गल्लीच्या टोकाला चार-पाच वर्षं बंद पडलेलं एक बैठं घर त्याने घेतलं होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परस. बायको दुसऱ्या गावी शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिची बदली नव्या सत्रापासून इकडे होणार होती, तोवर घर तयार हवं होतं. पैसे मोजके होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त बायकोने अकरा वर्षांच्या पगारातून साठवलेले होते. त्यामुळे घराचं जे काही ठरवायचं ते तिच्याशी बोलून ठरवा, असं त्याने सांगून टाकलं. "मला विचाराल तर मी घड्याळ कुठे लावायचं तेवढं सांगेन," तो म्हणाला.

मग रोज संध्याकाळी फोन सुरू झाले. खेळाच्या बाईंचा आवाज मैदानाला सरावलेला, मोकळा. बोलताना मधेच खळखळून हसायची. टेपताईने तिला खर्चाची मांडणी समजावून सांगितली. कागदावर तीन रकाने करायचे. पहिला, केल्यावाचून गत्यंतर नाही असं. गळकं छप्पर, वायरी, नळ. दुसरा, हवंसं वाटणारं. तिसरा, जमलं तर. आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा बाजूला ठेवायचा, त्याला ती भिंतीआडचे पैसे म्हणायची. भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात, तिच्या धंद्यात भिंतीला पोट असायचं. फोडल्यावर आत काय निघेल ते आधी कोणालाच सांगता येत नाही.

बेरीज हाताबाहेर गेली तेव्हा खेळाच्या बाईंनी स्वतःच कात्री लावली. मोठं कपाट काढून टाकलं, न्हाणीघरातल्या महागड्या फरश्या काढून टाकल्या, दर्शनी दारही जुनंच राहू द्या म्हणाली. एका गोष्टीला मात्र तिने हात लावू दिला नाही.

"ओटा माझ्या मापाचा करा, ताई. बाकी काही नसलं तरी चालेल. आईच्या ओट्यावर वाकले, सासूच्या ओट्यावर वाकले, आता भाड्याच्या खोलीत वाकतेय. एकदा ताठ उभं राहून भाजी चिरायचीय मला."

वाकले वाकले असं सगळ्याच बायका म्हणतात. टेपताईने ते शब्दशः घेतलं नाही. तिथेच ती चुकली.

ओट्याचं माप काढायची तिची रीत साधी होती. जिला स्वयंपाक करायचा तिने सरळ उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजायची आणि त्यातून चार इंच वजा करायचे. ते माप फोनवर घेऊन चालत नाही. स्वतःच्या हाताने टेप लावल्याशिवाय ती कोणाच्या घरचा ओटा कागदावर काढत नसे. खेळाच्या बाईंनी त्यासाठी खास अर्ध्या दिवसाची रजा काढली. दुपारी तीनला यायचं ठरलं.

नेमकं त्याच दिवशी दुसऱ्या एका कामावर पाण्याची टाकी फुटली आणि टेपताईला पोचायला साडेपाच होऊन गेले.

दाराला कुलूप नव्हतंच, चोरण्यासारखं आत काही नव्हतं. दार लोटून ती आत शिरली. वायरी बदलायच्या म्हणून वीज तोडलेली होती. बाहेर अजून उजेड होता, पण त्या घरात संध्याकाळ लवकर आत येऊन बसली होती. ओल्या काजळीचा वास येत होता, विझलेल्या चुलीवर कोणी पाणी ओतावं तसा. मागच्या खोलीतून अगदी हलका, एका लयीतला आवाज येत होता. टक… टक… टक…

स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. जुन्या, बुटक्या ओट्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला. ती दिसताच आवाज थांबला.

टेपताईने उशिराबद्दल माफी मागितली, टाकी फुटल्याची सगळी हकिगत सांगितली. उत्तर आलं नाही. तिला वाटलं, बाई रागावल्यात आणि त्यांचंही चुकलं नाही. तिने आधी ओटा मोजून घेतला, एकतीस इंच. मग ती हळूच म्हणाली, "तुमचं माप घेते हं. हात जरा दुमडा."

हात दुमडला गेला.

टेपताईने टेपचं टोक पायाच्या अंगठ्याने जमिनीवर दाबून धरलं आणि पट्टी वर ओढली. कोपराला तिची बोटं लागली. वाटणाचा पाटा धुऊन उभा करून ठेवला की गार लागतो ना, तसा तो हात लागला. अंधारात आकडा दिसेना, म्हणून पट्टीवर नख रोवून ती खिडकीशी गेली. पस्तीस. पस्तिसातून चार गेले, राहिले एकतीस. जुन्या ओट्याइतकेच. तिने वहीत लिहून घेतलं.

"नवा ओटाही एवढाच येतोय," ती म्हणाली. "पण रुंद करू, म्हणजे…"

"मला पुरेल…"

इतकंच. आवाज घोगरा होता, बरेच दिवस कोणी बोललं नसल्यासारखा. फोनवर किती वेगळा वाटतो माणसाचा आवाज, असं टेपताईच्या मनात आलं. पुढच्या खोलीची राहिलेली मापं घेऊन ती परत आली, तर स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. गेल्या असतील परसाच्या दाराने, असं म्हणून तिने वही मिटली.

दिवेलागणीला फोन आला. गाडीचा खडखडाट, वारा आणि त्यातून खेळाच्या बाईंचा तोच मोकळा आवाज.

"ताई, माप मिळालं ना?"

"मिळालं."

"मग झालं तर. आपलं बोलणं काही झालं नाही, रागावू नका हं. शेवटची गाडी चुकली असती."

टेपताईला हायसं वाटलं. म्हणजे राग नव्हता, घाई होती.

काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी मिस्त्रीने परसाचं दार उघडायला घेतलं, तर कडी गंजून चौकटीला चिकटलेली. छिन्नी लावून तोडावी लागली. "हे दार दोन-चार वर्षांत उघडलेलं दिसत नाही," तो म्हणाला. टेपताईच्या मनात काहीतरी चुकचुकलं. पण तेवढ्यात विटांची गाडी आली आणि त्या धांदलीत ते मागे पडलं.

तिसऱ्या दिवशी जुना ओटा फोडला आणि त्याच्यामागची भिंत पोकळ वाजली. मिस्त्रीने चार विटा काढल्या. आत जुनं धुराडं होतं, वरून बंद केलेलं. माणूस उभा राहील एवढं उंच, आणि अंग चोरून राहील एवढंच रुंद. ओल्या काजळीचा तो वास भस्सकन बाहेर आला. मिस्त्रीने विजेरी धरली. आतली भिंत काळीकुट्ट होती, फक्त एका जागी, कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढा भाग घासून चकचकीत झाला होता.

"मांजर अंग घासत असेल," मिस्त्री म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "पण मांजर एवढ्या वर कसलं घासतंय म्हणा."

टेपताईने सवयीने टेप लावली. जमिनीपासून पस्तीस इंच. तिने तो आकडा वहीत लिहिला नाही.

धुराड्यामुळे वरचं छप्पर एका बाजूला बसत चाललं होतं. तिथे लोखंडी आधार द्यावा लागला आणि धुराडं आत तसंच ठेवून त्यापुढची भिंत नव्याने बांधून घ्यावी लागली. भिंतीआडचे पैसे भिंतीआडच गेले, एक पैसाही उरला नाही. टेपताईने फोनवर सगळा हिशोब समजावला, तेव्हा खेळाच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "ओट्याला धक्का लागत नाही ना? मग घाला." आराखडा तिच्याकडे पाठवला होताच. तिने तो पाहिलाही होता. पण आकडे तुमचे तुम्ही बघा, मला फक्त उभं राहायचंय, असं ती म्हणाली होती.

ओटा बसवताना मिस्त्री एकदा थांबला. "ताई, फार बुटका नाही का होत?"

"बाईच बुटक्या आहेत," टेपताई म्हणाली. "मी स्वतः मोजलंय."

सत्र संपलं आणि नवरा-बायको सामानासकट येऊन दाखल झाले. टेपताई दारात उभी होती. रिक्षातून आधी एक लांब पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि मग वाकून, डोकं सांभाळत जी बाई उतरली ती नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. "ताई!" ती हसत म्हणाली. आवाज फोनवरचाच.

टेपताईचा हात पर्समधल्या वहीवर गेला.

सगळे स्वयंपाकघरात आले. खेळाच्या बाईंनी ओट्यावर हात टेकवले. त्यासाठी तिला कमरेत वाकावं लागलं. तिने दगडावरून तळहात फिरवला. मग म्हणाली, "पण मी तर खूण करून गेले होते."

ती टेपताईला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीपाशी घेऊन गेली. लाकडावर, इतके दिवस कामाच्या धुळीखाली गेलेली, पेन्सिलीची ठळक आडवी रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, 'कोपर'. त्या दिवशी पावणेपाचपर्यंत वाट बघून, गाडी चुकेल म्हणून ती रेघ मारून निघून गेली होती. टेपताईने टेप लावली. बेचाळीस. बेचाळिसातून चार गेले, अडतीस. पुरते सात इंच.

ओटा सात इंच उचलायचा म्हणजे नुसता दगड उचलायचा नव्हे. खालचे आधार, कप्पे, नळ, सांडपाण्याची मोरी, मागच्या फरश्या, सगळं काढून पुन्हा करायचं. एवढे पैसे आता कोणाकडेच नव्हते. टेपताई म्हणाली, "चूक माझी आहे. खर्चही माझा. मला दोन महिने द्या, दुसऱ्या कामाचे पैसे येऊ देत. ओटा तुझ्या मापाचा करून देईन, शब्द देते."

खेळाच्या बाईंचे डोळे भरले होते, तरी तिनेच टेपताईच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन महिनेच ना? वाकेन. सवय आहे मला."

मग तिने सहजच विचारलं, "पण मग ताई… तुम्ही माप कुणाचं घेतलंत?"



सुरुवातीला फोन यायचे. ओट्यापुढे रोज दंडवत घालतेय, देव कधी पावतो बघायचं, अशी थट्टा ती करायची. तिसऱ्या आठवड्यात थट्टा कमी झाली. एकदा बोलता बोलता आवाज उतरला.

"ताई, चिरत असताना वाटतं, कोणीतरी मागून खांद्यांवर हात ठेवतंय. दाबत नाही… नुसते ठेवलेले असतात. पण जड असतात."

टेपताईने तिला काही दिवस शाळेजवळच्या मैत्रिणीकडे राहायला जा म्हणून विनवलं. बघते, म्हणाली. पुढे फोन नवराच घ्यायला लागला. ती ओट्याशी आहे, एवढंच सांगायचा. सकाळी केला तरी ओट्याशी, दुपारी केला तरी ओट्याशी.

टेपताईने दोन महिन्यांची वाट पाहिली नाही. बांगड्या मोडल्या, पैसे जमवले आणि सातव्या आठवड्यात मिस्त्रीला घेऊन तिसऱ्या प्रहरी ते घर गाठलं.

दार नवऱ्याने उघडलं. खुशीत दिसला. बायकोची कंबरदुखी थांबली, आता काही कुरकुर नाही, घर कसं शांत झालंय, असं सांगत होता. तो दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस. त्याला सेकंदकाट्यावरचा धुळीचा कण दिसायचा, बायको दिसत नव्हती.

आतून आवाज येत होता. टक… टक… टक…

बाहेर लख्ख ऊन होतं, तरी स्वयंपाकघरात दिवा लावावासा वाटत होता. ओट्याशी ती पाठमोरी उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला. आणि ती वाकलेली नव्हती. अगदी ताठ, आरामात उभी राहून भाजी चिरत होती. ओटा तिला बरोबर येत होता.

मिस्त्रीच्या हातातली पिशवी खाली पडली. छिन्नी फरशीवर खणकन वाजली, तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

टेपताईने आधी ओटा मोजला. दगड कधी खोटं बोलत नाही. एकतीस, जिथे होता तिथेच. मग ती म्हणाली, "बाळ… हात जरा दुमड."

हात दुमडला गेला. पट्टी वर ओढताना टेपताईची बोटं कोपराला लागली. धुऊन उभ्या केलेल्या पाट्यासारखा थंड. नख रोवून ती खिडकीशी गेली. तिला आकडा बघायची गरज नव्हती, तरी तिने बघितला.

पस्तीस.

"आम्ही ओटा उंच करायला आलोय," ती कशीबशी म्हणाली. "तुझ्या मापाचा…"

"मला पुरेल…"

सुरी पुन्हा चालू झाली.

बाहेर पडताना टेपताईने चौकटीकडे पाहिलं. पेन्सिलीची रेघ तशीच होती, 'कोपर' हा शब्दही. नवऱ्याला ती बाहेर घेऊन गेली. आजच्या आज हिला इथून हलव, असं तिने हात जोडून सांगितलं. तो गोंधळून हसला आणि म्हणाला, "आत्ता कुठे तिचं मन घरात रमतंय, ताई." वळणावर निरोप घेताना मिस्त्री म्हणाला, "ती भिंत माझ्या हातची आहे, ताई. मी नीट बघून बंद केली होती. आत कोणी नव्हतं."

"मी कुठे काही म्हटलंय?"

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही. माझंच मन म्हणतंय."

घरी येऊन टेपताईने हातपाय धुतले, दिवा लावला आणि वही घेऊन बसली. उद्या सकाळी चार माणसं घेऊन जायचं आणि तिला उचलून आणायचं, असं तिने मनाशी ठरवलं. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर खेळाच्या बाईंचा नंबर होता.

आवाज मोकळा, मैदानाचा. फक्त आता तो खूप अरुंद जागेतून येत होता.

"ताई, माप मिळालं ना?"

टेपताईने वहीतला आकडा पाहिला. "मिळालं… पस्तीस."



"ते माझं नाही, ताई. माझं बेचाळीस. मी खूण करून गेलेय."

"बाळ… तू कुठे आहेस?"

"अंधार आहे इथे." मग हळूच, जणू टेपताईलाच वाईट वाटू नये म्हणून, म्हणाली, "पण ताठ उभं राहता येतं."

आणि तिच्या आवाजाच्या पलीकडून, अगदी जवळून, मधे एका विटेचीच भिंत असावी इतक्या जवळून, ऐकू येत होतं… टक… टक… टक…